डुब्रोव्हनिकची पहाटेची कयाक सफर: घ्यावी का आणि कोणी घ्यावी

तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरच्या मध्यावर क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला तीन रात्री मुक्काम आहे. तुम्ही दोघं, 13 वर्षांची मुलगी आणि सासूबाई. मुलगी पोहण्याच्या क्लासला जाते, बाकी कोणाला पोहता येत नाही. मग पहाटेची गाईडसोबतची कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) सफर घ्यावी, सूर्यास्ताची घ्यावी, की कयाक भाड्याने घेऊन आपलं आपण फिरावं?

आधी उत्तर देते. पहाटेची घ्या, गाईडसोबतच घ्या आणि तिघंच जा. सासूबाईंची सोय वेगळी होते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पहाटेची का, तर सूर्योदयासाठी नव्हे. त्या दिवसांत तिथे सूर्य साडेसहाच्या सुमाराला उगवतो, पण जुन्या शहराच्या पूर्वेला डोंगराची कड आहे. समुद्रातून वर येणारा लाल गोळा पाहायला मिळेल या आशेने जाल तर हिरमोड होईल. खरं कारण वारा. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते ना, ते इथे उपयोगी पडतात. रात्री जमीन निवते आणि जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो, त्यामुळे पहाटे किनाऱ्यालगतचं पाणी बहुतेक वेळा सपाट असतं. दहा-अकराला जमीन तापली की वायव्येकडून वारा सुरू होतो. तिथले लोक त्याला मायेस्त्राल म्हणतात. दुपारी दोन ते चार त्याचा जोर असतो आणि संध्याकाळी तो पडतो. हा चांगल्या हवेचा वारा, शिडाच्या होडीवाले त्याची वाट बघतात. पण सफर सुरू होते जुन्या शहराच्या पश्चिमेला पिले दरवाजाखालच्या छोट्या किनाऱ्यावरून, आणि जायचं असतं आग्नेयेला, लोक्रुम बेटाकडे. म्हणजे उशिरा निघालात तर जाताना वारा पाठीशी आणि हात दमलेले असताना, परतीच्या वाटेवर, तोच वारा तोंडावर. नवख्यांचे हाल होतात ते तिथे.

दुसरं कारण बोटींचं. सकाळ वर आली की जुन्या बंदरातून लोक्रुमच्या फेरीबोटी, काचेच्या तळाच्या बोटी, दिवसभराच्या सहलीवाल्या स्पीडबोटी, सगळ्या एकदम बाहेर पडतात. त्यांच्या लाटा जुन्या शहराच्या तटबंदीखालच्या खडकांवर आपटून परत येतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्या लाटांची कालवाकालव होते. कयाक त्यात उलटेलच असं नाही, पण पहिल्यांदा बसलेल्या माणसाचं सगळं लक्ष स्वतःला सावरण्यात जातं आणि तट बघायचा राहूनच जातो. सहा-साडेसहाला पाण्यावर असाल तर यातलं काही नसतं.

कोकणातला माणूस पहिल्यांदा भरती-ओहोटीचं विचारेल. मी रत्नागिरीची, मीही तेच विचारलं होतं. भूमध्य समुद्राच्या या भागात भरती आणि ओहोटीत जेमतेम 30 ते 40 सेंटीमीटरचा फरक पडतो. मुंबईला उधाणाच्या भरतीत पाणी 5 मीटरपर्यंत चढतं, हे आठवलं की फरक कळेल. तेव्हा तिथि-वेळा बघत बसू नका, वारा बघा.

सूर्यास्ताच्या सफरीला मी वाईट म्हणणार नाही. तट पिवळाधमक होतो, फोटो छान येतात. पण दिवसभराच्या वाऱ्याने हललेलं पाणी लगेच शांत होत नाही, बोटी चालू असतात आणि कयाकचीही गर्दी असते. पोहता न येणाऱ्या माणसांना घेऊन जायचं तर मी दहातल्या दहा वेळा पहाट निवडेन.

आता वाऱ्याची दुसरी बाजू, कारण सफर रद्द झाली तर ती आणखी दोन वाऱ्यांमुळे होईल. युगो हा आग्नेयेकडून येणारा दमट, उबदार वारा. तो हळूहळू चढतो, दोन-तीन दिवस टिकतो आणि उघड्या समुद्रावरून मोठ्या लाटा घेऊन येतो. वारा थांबला तरी लाटा दुसऱ्या दिवशीही असतात. डुब्रोव्हनिकच्या जुन्या प्रजासत्ताकात युगो वाहत असताना महत्त्वाचे निर्णय घेत नसत असं तिथे सगळे कौतुकाने सांगतात. युगोत माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणे! दुसरा बुरा. हा ईशान्येकडून डोंगर उतरून झोतांनी येतो. तो फसवा आहे, कारण आकाश स्वच्छ असतं, किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत दिसतं आणि वारा तुम्हाला अलगद बाहेर ढकलतो. आपल्याला वाटतं, वा, काय झपाझप चाललोय! परत वळल्यावर कळतं. भाड्याने कयाक घेऊन एकटं जाऊ नका हे मी म्हणते ते मुख्यतः यासाठी. गाईडला वाट दाखवण्याचे पैसे नसतात; तट डाव्या हाताला, बेट समोर, चुकायचं काय त्यात? पैसे असतात ते सकाळी पाण्याकडे बघून 'आज नाही' किंवा 'आज बेटाभोवती जायचं नाही, इथूनच परत' असं म्हणणाऱ्या माणसाचे.

म्हणून बुकिंग करताना किमतीआधी चार गोष्टी विचारा. एका गाईडमागे किती कयाक? हवेमुळे रद्द झालं तर पैसे परत की दुसरा दिवस? गाईडकडे ओढून आणायची दोरी आणि वायरलेस असतो का? आणि तुमच्याकडच्या न पोहणाऱ्यांना ते घेतात का? हे शेवटचं लपवू नका. काही जण नाही म्हणतील. ते बरोबरच करतायत.

वाटेत काय दिसतं? निघाल्या निघाल्या डोक्यावर लोव्रियेनात्स किल्ला येतो, समुद्रातून 37 मीटर उभ्या खडकावर. गडकिल्ल्यांचं वेड असेल तर इथे वल्हं थांबवून नीट बघा. समुद्राकडच्या बाजूला त्याची भिंत 12 मीटरपर्यंत जाड आहे आणि शहराकडच्या बाजूला फक्त 60 सेंटीमीटर. किल्लेदार उद्या फितूर झाला तर शहरातून तोफ डागून ती भिंत पाडता यावी, हा हिशोब! त्याच किल्ल्याच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की जगातलं सगळं सोनं मिळालं तरी स्वातंत्र्य विकणं बरं नव्हे. ते वाक्य पाण्यावरून दिसत नाही, नंतर पायी वर जाऊन वाचा. मग बोकार बुरूज आणि तिथून दक्षिणेचा तट. सगळा तट 1940 मीटर लांब आहे. वरून चालताना शहराची लाल कौलं दिसतात. खालून ती अजिबात दिसत नाहीत, दिसतो तो हल्लेखोराला दिसला असता तेवढा दगड, थेट खडकातून वर गेलेला. तटाच्या अगदी खेटून जायचा मोह होतो, पण गाईड थोडं अंतर ठेवायला लावतो. मघाशी म्हटलेल्या परतणाऱ्या लाटांमुळे.

पाणी इतकं नितळ का, हा प्रश्न मुलगी विचारेलच. तिथला किनारा चुनखडीचा आहे, पाऊस जमिनीत मुरतो आणि गाळ आणणाऱ्या मोठ्या नद्या जवळ नाहीत. शिवाय पाण्यात पोषकद्रव्यं कमी, त्यामुळे शेवाळाचे सूक्ष्म कण कमी. आपल्याकडचं पाणी गढूळ म्हणून घाण असं नसतं, त्यात मासळीचं खाणं असतं. तिथे तळ दिसतो आणि मासे मात्र मोजकेच.

पुढे मधला समुद्र ओलांडून लोक्रुम. हे अंतर कमी आहे, पण उघड्यावर आल्याची जाणीव इथेच पहिल्यांदा होते. बेटाच्या बाहेरच्या अंगाला शांत दिवशीही समुद्राचा एक संथ हेलकावा असतो. घाबरायचं कारण नाही, कंबर सैल ठेवा आणि कयाकला हलू द्या. जे अंग ताठ धरतात तेच कलंडतात. एक सांगून ठेवते, म्हणजे ऐनवेळी गडबड नको: बेटाच्या आग्नेय बाजूच्या खडकांवर विवस्त्र ऊन खाणाऱ्यांसाठी राखलेला भाग आहे. पहाटे तिथे सहसा कोणी नसतं, हा पहाटेचा आणखी एक फायदा समजा.

परतताना बेटिना गुहेपाशी थांबतात. पांढऱ्या गोट्यांचा इवलासा किनारा, वर कमानीसारखा खडक, आणि पोचायचा रस्ता फक्त समुद्रातून. गुहेचं नाव बेतेवरून, आणि बेते हे मारिन गेताल्दिच या गणितज्ञाचं टोपणनाव. 1568 चा जन्म, 1626 ला वारला. तो या गुहेत अन्वस्ताकार (ऊन एका बिंदूवर गोळा करणाऱ्या खोलगट) आरशांचे प्रयोग करायचा, आणि गावातले लोक त्याला चेटक्या समजायचे. त्याचा एक आरसा आज लंडनमधल्या ग्रीनिचच्या संग्रहालयात आहे. गाईडने हे सांगितलं नाही तर तुम्हीच विचारा, कारण बरेचसे गाईड टीव्ही मालिकांच्या चित्रीकरणाबद्दलच बोलत राहतात.

आणि गोव्याशी नातं आहेच. 16 व्या शतकात इथले व्यापारी थेट गोव्यापर्यंत यायचे. तिसवाडीतल्या गवंडाळीचं सांत ब्रास चर्च त्यांनी बांधलं असं मानतात. डुब्रोव्हनिकचा रक्षणकर्ता संत तोच, तिथे त्याला स्वेती व्लाहो म्हणतात. तटावर, दरवाजांवर, जिकडेतिकडे हातात शहराची प्रतिकृती धरलेला दाढीवाला दिसेल, तो हाच.

आता बसण्याचं. बहुतेक कयाक दोघांच्या असतात. पुढचा लय धरतो, मागचा दिशा सांभाळतो, आणि मागच्याने पुढच्याच्या लयीत वल्हं मारायचं. नाहीतर वल्ह्यांवर वल्ही आपटतात आणि सुट्टीतलं पहिलं भांडण होतं. तुम्ही तिघं आहात, तर मुलीला पुढे बसवा आणि मागे तुमच्यापैकी जो जास्त दमदार असेल तो. उरलेल्याने गाईडच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या कयाकमध्ये बसायचं. हे आधीच कळवा, विषम संख्या आली की सकाळी घोळ होतो. वल्हं घट्ट आवळू नका, हातांनी ओढू नका, कमरेतून वळा. दंडांच्या जोरावर गेलात तर अर्ध्या तासात हात भरून येतात आणि अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो. सगळं मिळून अंतर साधारण 6 ते 8 किलोमीटर होतं, थांबे धरून तीन तास.

पोहता येत नाही त्याचं काय? लाईफ जॅकेट तरंगवतं, त्याची चिंता नको. चिंता असते ती नाकातोंडात पाणी गेल्यावर होणाऱ्या घबराटीची. जायच्या आधी महिनाभर जवळच्या पोहण्याच्या तलावात जाऊन एवढंच करा: जॅकेट घालून पाण्यात पडायचं, डोकं बुडू द्यायचं, वर येऊन श्वास घ्यायचा आणि पाठीवर निवांत पडून राहायचं. ते जमलं की निम्मं काम झालं. उघड्या, वर बसायच्या कयाकमध्ये परत चढणंही अवघड नाही. आडवं पोटावर यायचं, वळायचं, बसायचं, आणि गाईड समोरून कयाक धरतोच. पहिल्याच वेळी कंबरेभोवती कापड बांधायची बंद कयाक देत असतील तर उघडी मागा.

कपड्यांचं थोडक्यात: पटकन वाळणारा लांब बाह्यांचा टीशर्ट, जीन्स नको, चष्म्याला दोरी, टोपीला दोरी. पायात पाण्यात चालणारे बूट हवेतच, कारण खडकांवर समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे तळव्यात मोडतात. पाणी त्या काळात 23-24 अंश असतं, पण पहाटे ओल्या अंगाला वारा लागतो, म्हणून पातळ जाकीट घ्या. पोटात हलकं काहीतरी असू द्या. बेकऱ्या लवकर उघडतात. शाकाहारी असाल तर बुरेक (सारण भरलेला खुसखुशीत पदार्थ) घेताना चीजचा आहे हे विचारून घ्या, त्यात मांसही असतं.

सासूबाई. तीन तास पाय लांब करून, पाठीला बेताचाच आधार असताना बसणं गुडघ्या-कमरेच्या माणसाला झेपत नाही, आणि मध्येच उतरता येत नाही. त्यांना त्या सकाळी झोपू द्या. नंतर चौघंही जुन्या बंदरातून फेरीबोटीने लोक्रुमला जा. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, बेटाचं प्रवेशशुल्क फेरीच्या तिकिटातच असतं. तिथे मोर फिरतात, बाग आहे, मठाचे अवशेष आहेत, सावली आहे. बेटावर मुक्कामाला परवानगी नाही, शेवटच्या फेरीची वेळ तेवढी बघून ठेवा.

प्रवास विम्यात कयाकिंग धरलंय का ते वाचून बघा, कित्येक पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले असतात. फोनमध्ये 112 बरोबर क्रोएशियाच्या सागरी बचावाचा 195 हा नंबरही ठेवा.

आणि तीन रात्रींपैकी सफर पहिल्याच सकाळी लावा, शेवटच्या नको. युगो आला तर दुसरी सकाळ हाताशी राहते. दोन्ही गेल्या तर हट्ट न करता तट चालून या. वारा असला तरी तो उघडा असतो, आणि आठला गेलात तर उन्हाच्या आधी फेरी होते.