जुन्या स्टीरिओ ॲम्पला सब-आउट (सबवूफरसाठीचं वेगळं आउटपुट) नाही, १ बीएचकेमध्ये सबवूफर जोडावा का? एक की दोन?

तुम्ही लिहिलंय की पाच इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर आहेत, हॉल १५ बाय १० फूट, ऐकणं बहुतेक शास्त्रीय आणि जुनी मराठी-हिंदी गाणी, आणि दुकानदार म्हणतोय १२ इंची घेऊन टाका. सब (सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर) जोडा, जरूर जोडा, पण १२ इंची नको. मी तेच करून बसलोय म्हणून जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

मी मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो, हॉल जवळपास तुमच्याएवढाच. काही वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडला (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने टॅक्सीवाल्याला विचारून बघा) स्पीकरची वायर आणायला गेलो आणि १२ इंची पोर्टेड (पेटीला हवेसाठी भोक असलेला) सब घेऊन आलो. घरी चपलांच्या रॅकशेजारचा कोपरा तेवढा रिकामा होता, तिथे ठेवला. पहिल्या दिवशी भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी तबला सोलो लावला आणि लक्षात आलं की डग्ग्याचा प्रत्येक बोल एकसारखाच ढुम्म येतोय, ते मनगट दाबून घुमारा खालून वर सरकवतात ना, ते सरकणं गायबच, आणि वर स्वयंपाकघरात मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या साथीला. तिसऱ्या दिवशी खालचे काका वर आले. भांडले नाहीत, दारातच उभं राहून म्हणाले, "अहो, नुसतं ढुम ढुम येतं खाली, गाणं तरी ऐकू येऊ दे."

सब खराब नव्हता, खोली तशी होती. १५ फूट म्हणजे साधारण ४.६ मीटर, आणि आवाज सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास पळतो, म्हणजे ज्या लहरीची बरोबर अर्धी लांबी तुमच्या हॉलमध्ये बसते ती येते ३८ हर्ट्झच्या जवळ. १० फुटांच्या बाजूने तेच गणित ५७ ला येतं. या सुरांना खोली स्वतःच घुमते, कोपऱ्यात सब ठेवला की हे सगळे घुमणारे सूर एकदम जागे होतात, आणि आपल्याकडे सोफा हमखास भिंतीला टेकलेला असतो, जिथे ते सगळ्यात जोरात ऐकू येतात. उलट खोलीच्या मधोमध उभे राहिलात तर तोच ३८ चा सूर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे आधी जागा शोधायची, बाकीचं सगळं नंतर.

जागा शोधायची पद्धत थोडी येडपट आहे पण चालते. सब उचलून सोफ्यावर, तुम्ही जिथे बसता तिथे ठेवायचा, एखादी बेस गिटारची चाल सतत वाजत ठेवायची, आणि आपण गुडघ्यावर रांगत भिंतीकडेने फिरायचं, कान सबच्या उंचीला. जिथे सगळे सूर सारख्या वजनाने आणि सुटे सुटे ऐकू येतात तिथे सब ठेवायचा. मी रांगत असताना आई देवपूजा आटपून बाहेर आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "काय पडलंय? झाडू आणू?" माझ्या हॉलमध्ये कोपऱ्यात बेसचा चिखल होता, टीव्ही युनिटच्या डाव्या बाजूला, कोपऱ्यापासून साधारण साडेतीन फुटांवर, एकदम मोकळं झालं. फूटभर सरकवलं तरी फरक पडतो, म्हणून वायर थोडी लांब घ्या.

आता १२ इंची का नको. काळी एकला गाणाऱ्याच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झला येतो, बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ ला. तुमच्या ऐकण्यात ४० च्या खाली फारसं काही नाहीच, ती धडकी सिनेमातल्या स्फोटांना लागते. ८ किंवा १० इंची सील्ड, म्हणजे बंद पेटीचा सब घ्या. त्याचा आवाज खालच्या सुरांकडे जाताना हळूहळू उतरतो, पोर्टेडसारखा एकदम कोसळत नाही, आणि छोटी खोली खालच्या सुरांना आपणहून थोडा टेकू देते, त्यामुळे जुळतं. सेकंडहँड बघणार असाल तर कोनभोवतीची कड हाताने तपासा. फोमची असेल तर मुंबईच्या दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते, रबराची टिकते.

सब-आउट नाही म्हणून अडत नाही. हाय-लेव्हल इनपुट असलेला सब घ्यायचा, त्याच्या वायरी ॲम्पच्या स्पीकर टर्मिनललाच जातात, जिथे तुमचे स्पीकर लावलेत तिथेच. ॲम्पवर काही जास्त भार पडत नाही कारण सबचा स्वतःचा ॲम्प आत असतो. एकच सांभाळा, ॲम्प क्लास-डी किंवा ब्रिज्ड (आतल्या सर्किटचे प्रकार) असेल तर दोन्ही बाजूंचे निगेटिव्ह एकत्र बांधायचे नाहीत, ॲम्प जाऊ शकतो, आधी मॅन्युअल बघा. आणि कोणी सांगेल रेक-आउटमधून (रेकॉर्डिंगसाठीच्या आउटपुटमधून) काढा म्हणून, ते ऐकू नका, रेक-आउट व्हॉल्यूमच्या नॉबच्या आधी येतो, तुम्ही आवाज कमी कराल आणि सब आपला तसाच ढणाणा वाजत राहील.

क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचं सब वाजवतो ती हद्द) ६० ते ७० हर्ट्झच्या दरम्यान सुरू करा. अशा जोडणीत तुमचे स्पीकर पूर्ण वाजतच असतात, सबने फक्त ते दमतात तिथून खालचं उचलायचं. १०० वर नेलात तर बाईमाणसाचं ठीक, पण खर्जातल्या पुरुषाचा आवाज टीव्ही युनिटच्या खालून यायला लागतो. फेजचा स्विच (सबचा कोन स्पीकरबरोबर हलावा की उलटा, ते ठरवणारा) शून्य आणि १८० दोन्हीकडे करून बघायचा, ज्यात डग्गा भरलेला वाटेल तो ठेवायचा. लेव्हल, म्हणजे सबचा आवाज, सब आहे हे कळेपर्यंत वाढवा आणि मग थोडी मागे घ्या. बरोबर लागलाय की नाही हे सब बंद केल्यावर कळतं, चालू असताना जाणवत नाही आणि बंद केला की खोली एकदम पत्र्याची वाटते.

एक की दोन? जागा आणि पैसे असतील तर एका मोठ्यापेक्षा दोन छोटे, डोळे झाकून. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवले की झोपाळा दोन्ही बाजूंनी एकाच वेळी ढकलल्यासारखं होतं, कोणाचंच चालत नाही, आणि तो ३८ चा घुमणारा सूर बराच शांत होतो. हर्मन या ऑडिओ कंपनीच्या टॉड वेल्टीने २००२ मध्ये यावर व्यवस्थित पेपर केलाय, बहुतेक आयताकृती खोल्यांना दोन किंवा चार पुरतात असा त्याचा सूर. पण १ बीएचकेमध्ये मागच्या भिंतीला सोफा असतो, त्यामुळे मी स्वतः एकावरच थांबलोय. तुम्ही पण आधी एक नीट लावा.

आता शेजारी. सबखाली रबर किंवा फोम ठेवा, पेटीची थरथर स्लॅबमध्ये कमी जाते आणि वाट्या गप्प बसतात, पण हवेतून जाणारा बेस त्याने थांबत नाही. ४० हर्ट्झची लहर साडेआठ मीटरच्या वर लांब असते, विटांची भिंत तिला काय अडवणार. फोनवरच्या मीटरवर पण विसंबू नका, ते बहुधा डीबी-ए दाखवतात आणि त्या मापात ४० हर्ट्झचा आवाज सुमारे ३५ डीबीने कमी मोजला जातो, म्हणजे आकडा सभ्य दिसतो आणि खाली शोकेस थरथरत असतं. मी सरळ काकांच्या घरी जाऊन बसलो आणि मुलाला वर व्हॉल्यूम वाढवायला लावला, काका म्हणाले "आता बास", तिथे नॉबवर मार्करने ठिपका. रात्री दहानंतर सब बंद. हळू आवाजात कानाला बेस तसाही कमी लागतो, त्यामुळे रात्री गाणं जरा पातळ वाटतं, चालवून घेतो.

अजून एक, जोडल्यावर बारीक हम्म असा आवाज आला तर ५० हर्ट्झचा ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा प्रवाह) असतो, बहुतेक वेळा सेट-टॉप बॉक्सच्या केबलमधून येतो. ती केबल काढून बघा, आणि ॲम्प-सब एकाच बोर्डवर लावा. कोणी अर्थिंगची पिन काढून टाका म्हटलं तर अजिबात काढू नका.

ॲम्पचं मॉडेल आणि मागच्या बाजूचा फोटो टाका, हाय-लेव्हलची वायर कुठे लावायची ते बघून सांगतो.