जागलीवरचे कान

बापू, वावरात जागलीला असताना कोणाच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली, ते तू आवाजावरूनच ओळखतं नं? सोनारवर, म्हंजे पाण्यातले आवाज ऐकून पाणबुडी हुडकाच्या यंत्रावर, तेच काम हाय. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावते, हवेच्या चौपटीहून जास्त. पण सरळ येत नाही. वरचं गरम अन् खालचं थंड पाणी भेटते तिथं वाकते. परकी पाणबुडी त्याच थराखाली लपते. आधी पंख्याचे ठोके मोज, पाती किती, फेरे किती. मग पंपाची बारीक शीळ शोध. डिझेलवाली पाणबुडी बॅटरीवर गेली का जवळजवळ मुकीच. चार्जिंगसाठी नळी वर काढून इंजिन लावते, तेव्हा कान टवकार. चुटक्या वाजवणारी कोळंबी भल्ली कडकड करते, मी तर सुरुवातीले तिलेच शत्रू समजून बसलो होतो! अन् पिंगची, म्हंजे आपणच आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकाची, घाई करू नको. आपला ठावठिकाणा आधी शत्रूलेच समजते.