घटस्फोट झाल्यास पतीच्या नावावरील सदनिकेत पत्नीला निम्मा वाटा मिळतो का?

सदनिका पतीच्या नावावर आहे, कर्जाचे हप्ते त्यांच्या पगारातून जातात आणि घरखर्च आपण चालवता, तर निम्मे घर मिळेल का, असे आपण विचारले आहे. आपोआप मिळत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये लग्नानंतरची कमाई दोघांची सामाईक मानणारी तरतूदच नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा त्या सुमारास मिळालेल्या सामाईक वस्तूंपुरते.

आमच्याकडेही खर्चाची वाटणी अशीच होती. चिंचवडला सदनिका घेताना करारनाम्यावर माझेही नाव असावे, असे मी म्हटले, तेव्हा थोरल्या दिरांनी ‘नवराबायकोत कसला हिशेब’ असे म्हणून विषय मिटवला. त्यानंतर पतीचा पगार हप्त्यांना आणि माझा पगार किराणा, मुलीची फी, विजेचे बिल व सासूबाईंची औषधे यांना, असा संसार वर्षानुवर्षे चालला. घटस्फोटाच्या दाव्यात दोघांनी मालमत्तेची व उत्पन्नाची शपथपत्रे दिली, तेव्हा त्यांच्या खातेउताऱ्यात प्रत्येक हप्ता दिसत होता आणि माझ्या उताऱ्यात संपून गेलेला पैसा. माझ्या पगारावर घर चालले म्हणूनच त्यांना हप्ते भरता आले, हे सर्वांना कळत होते, पण दाखवायला कागद नव्हता. कागद होता तो एकाच गोष्टीचा: आईने मला दिलेल्या पाटल्या मोडून मी बिल्डरला दिलेल्या धनादेशाचा. सराफाची पावती आणि बँकेची नोंद जुळली, आणि तडजोडीत तेवढी रक्कम मला वेगळी मिळाली. स्त्रीधन ही पत्नीची स्वतंत्र मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात स्पष्ट केलेले आहे.

म्हणून माझे मत ठाम आहे. हप्ता आणि किराणा अशी वाटणी पत्नीसाठी घातक आहे. आपल्या खात्यातून हप्त्याचा काही भाग नियमित भरा, दागिन्यांच्या पावत्या व लग्नातील भेटींची यादी जपा, आणि करारनाम्यावर नाव मागण्याला कोणी अविश्वास म्हणत असेल, तर ज्याचे नाव आधीच कागदावर आहे त्याने हिशेब नको म्हणणे सोपे असते, हे त्याला तोंडावर सांगा. मला त्या दिवशी माझ्या दिरांना हेच सांगायचे होते.

वाटा मिळत नाही याचा अर्थ हात रिकामे राहतात, असा मात्र नाही. कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना न्यायालय पतीची मालमत्ता विचारात घेते आणि गरज भासल्यास त्या मालमत्तेवर पोटगीचा बोजाही ठेवू शकते. आपण घरात पैसे घातल्याचा पुरावा असेल, तर मालमत्तेचा दावा कुटुंब न्यायालयातच लावता येतो. हे सारे हिंदू विवाह कायद्याखालील लग्नांबद्दल झाले. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर तेथे पतिपत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक धरली जाते व विभक्त होताना निम्मी-निम्मी होते. त्यामुळे आपले लग्न कोठे व कोणत्या कायद्याखाली नोंदले आहे, हे वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.