दहापैकी दहा

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात शिकतो आणि तिथल्या टीममध्ये अमेरिकन फुटबॉल खेळतो. यंदा दहाच्या दहा सामने हरले. स्कॉलरशिपही नाही. तरी पुढच्या वर्षी खेळणारच म्हणतो. काय करू?

उत्तर : ताई, ‘डिव्हिजन थ्री’ (तिथल्या कॉलेज-खेळांची तिसरी श्रेणी, त्यात बहुधा अशी छोटी कॉलेजं) कॉलेजांना खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही. म्हणजे तो हौसेनंच मार खातोय.

हरण्याचं म्हणाल, तर या खेळात आक्रमणाचे अकरा वेगळे, बचावाचे अकरा वेगळे, किक मारायला आणखी कोणी. छोट्या कॉलेजात तिघं-चौघं जायबंदी झाले, की पहिल्या वर्षाचं कोवळं पोर उभं करावं लागतं. तीन क्वार्टर रेटतात, चौथ्यात दम संपतो. (मी टीव्हीवर बघतानाच दमतो, ते सोडा.)

आणि दहा म्हणजे काहीच नाही हो! टेक्सासचं प्रेअरी व्ह्यू विद्यापीठ १९८९ पासून सलग ८० सामने हरलं. १९९८ मध्ये लँगस्टन विद्यापीठाला १४-१२ असं हरवलं, तेव्हा कुठे ती माळ तुटली. मधल्या काळात पोरं भरती होऊन, हरून, पदवी घेऊन गेलीसुद्धा.

खेळू द्या त्याला. फोनवर स्कोअर विचारू नका. डोक्याला मार बसला का, चक्कर येते का, हे मात्र खोदून खोदून विचारा; ही मुलं ते लपवतात.