आईच्या हातात काय होतं?

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. "काका, मीही तुमच्यासारखं रिटायर झाल्यावर निवांत लिहीन. आत्ता ऑफिस आणि जाण्यायेण्यातच दिवस संपतो." आधी बरं वाटलं. 'तुमच्यासारखं' असं मला कोण म्हणतं? मग मात्र झोप लागेना. फोनवर टाईप करायला माझी बोटं वळत नाहीत, आणि बोलून लिहायला गेलो तर तो 'मोरगिरी'चं 'मोर गिरी' करून ठेवतो. म्हणून वहीत लिहितोय. नातू फोटो काढून पाठवील.

तुला वाटतंय की मी लिहिण्यासाठी रिटायर व्हायची वाट बघत होतो. तसं काही नव्हतं गं. तेहेतीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यात लिहिलं ते फक्त वे-बिल, म्हणजे गाडीच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद. जून २०१७ मध्ये अठ्ठावन्न पूर्ण झाली. डेपोतून शाल आणि नारळ घेऊन घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चारला टक्क जाग. पहिल्या गाडीची ड्युटी अंगात मुरलेली. स्वयंपाकघरात खुडबुड केली तर तुझी काकू म्हणाली, "भांडी वाजवू नका, पोरं झोपलीत." नातवाच्या जुन्या वह्यांत मागची पानं कोरी होती, ती घेऊन बसलो. चार ते सहा वेळ कुठं घालवायचा, एवढाच प्रश्न होता. गोडी नंतर लागली. लागली ती अशी की संध्याकाळचा टीव्ही सुटला.

सुरुवातीला काय लिहिलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. लालपरीवर चोवीस कडव्यांची कविता. 'डेपो'ला यमक सापडेना म्हणून एक अख्खं कडवं गाळलं. मग तरुणांनी म्हाताऱ्यांना बसायला जागा कशी द्यावी यावर लेख. एका दिवाळी अंकाला दोन्ही पाठवले, उत्तर आलं नाही. आज वाटतं, त्यांनी उपकारच केले.

मग भूकंपावर लिहिलं. मी पाटणचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मी आठ वर्षांचा होतो. कोयना धरणात पाणी साठायला लागल्यापासून बारीक धक्के बसायचेच, लोकांना सवय झाली होती. त्या पहाटेचा तसा नव्हता. लेखात मी सगळं घातलं: रिश्टर ६.५, कोयनानगरची पडलेली घरं, मेलेल्यांचा आकडा. आणि पहिलं वाक्य, "त्या काळरात्री निसर्गाने रौद्र रूप धारण केले." तालुक्यातल्या एका साप्ताहिकाच्या संपादकाकडे घेऊन गेलो. माझ्या मुलाच्या वयाचा माणूस. त्यानं चहा मागवला, लेख वाचला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "काका, तुमची आई घरातून बाहेर आली तेव्हा तिच्या हातात काय होतं?"

मला सांगता येईना. माझ्या दंडाला धरून कुणीतरी ओढलं होतं, अंगणात थंडी होती, कुत्री ओरडत होती, एवढंच आठवलं. घरी येऊन अक्काला मुंबईला फोन लावला. ती म्हणाली, कंदील. दादा म्हणाला, "कंदील कसला? शेळीचं करडू होतं, मी बघितलंय." दोघंही देवाची शपथ घ्यायला तयार. आई १९९८ ला गेली. ड्युटी संपवून घरी आलो की तिच्या हातची भाकरी खायचो. ती समोर बसून माझं खाणं बघायची. तेव्हा हे एवढं विचारायला किती वेळ लागला असता?

शेवटी मी ते भांडणच लिहिलं. कंदील, करडू, अक्का, दादा, आणि मला काहीच आठवत नाही हेही. छापून आल्यावर आठवडाभर स्टँडवर लोक मला थांबवून आपापल्या आईचं सांगत होते. एकाच्या आईनं विरजणाचं भांडं उचललं होतं. एकाच्या आजीनं कुंकवाचा करंडा, आणि पोरगं आत राहिलंय म्हणून परत धावली. रिश्टर स्केलबद्दल कुणी बोललं नाही.

म्हणून तुझ्या त्या 'निवांत'ची मला भीती वाटली. लिहायला तुला तीस वर्षांनीही बसता येईल. पण ज्यांना विचारायचं त्यातलं तेव्हा कोण उरलेलं असेल?

उशिरा लिहिणं वाईट असं मी म्हणत नाही. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा लक्ष्मीबाई टिळक सहासष्ट वर्षांच्या होत्या. माझं आजचं वय. पेणजवळच्या वरसईचे गोडसे भटजी १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडले आणि तो प्रवास त्यांनी लिहिला पंचवीसेक वर्षांनी. छापून आला १९०७ मध्ये, तेव्हा ते हयात नव्हते. या दोघांना इतकं बारीकसारीक कसं आठवलं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, लिहायच्या आधी त्यांनी ते घरीदारी अनेकदा सांगितलं असणार. सांगून सांगून गोष्ट टिकते. मी मात्र घरी येऊन जेवायचो आणि झोपायचो. रात्री गावातच थांबणाऱ्या मुक्कामी गाडीवर असताना ढेबेवाडीकडच्या एका गावात एक म्हातारी ड्रायव्हरला आणि मला रात्री कालवण आणून द्यायची. कशाचं होतं ते आठवतं, तिचं नाव गेलं. तेव्हा खिशात पेन होतं, वे-बिलाचे कागद होते. एक ओळ लिहिली असती तर पुरलं असतं.

आता तू काय करायचंस? रोज लिही असं मी सांगणार नाही, मीच लिहीत नाही. या दिवाळीला गावी जाशील तेव्हा आजीजवळ बस. "आजी, तुझं आयुष्य सांग" असं विचारू नको. ती म्हणेल, "काय सांगायचं, राबलो," आणि भाजी निवडायला लागेल. एखादी वस्तू धर. पहिल्यांदा एसटीत बसलीस तेव्हा कुठं निघाली होतीस? तिकीट कुणी काढलं? खिडकी मिळाली का? म्हातारी माणसं अशा प्रश्नाला फसतात, मग थांबत नाहीत. ती बोलत असताना मध्येच साल विचारू नको. साल मागाहून कुठंही सापडेल. फोनवर रेकॉर्ड करायचं तर कर, पण फोन पालथा ठेव, ती त्याच्याकडे बघून शाळेतल्यासारखी बोलायला लागते. आणि त्याच रात्री लिहून काढ, तिच्याच शब्दांत. ती "जिवाला बरं न्हवतं" म्हणाली तर तसंच लिही. 'प्रकृती अस्वास्थ्य' केलंस की आजी गेली आणि तहसील कचेरीचा कागद आला.

आणखी एक, आमच्या धंद्यातलं. ड्युटीवर निघताना कंडक्टरला खिशातली स्वतःची रक्कम आधी वे-बिलावर नोंदवावी लागते. नंतर तपासणी झाली तर तिकिटाचे पैसे कुठले आणि घरचे कुठले हे कळलं पाहिजे. कमी भरले तर चूक, जास्त निघाले तरी चूक. वहीतही तसंच कर. तू डोळ्यांनी पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, आणि तुला नुसतं वाटलेलं वेगळं. वीस वर्षांनी ही सरमिसळ सुटत नाही. मला कंदील दिसतो आता, अगदी काच तडकलेला. पण तो मी पाहिला की अक्काने सांगितल्यावर दिसायला लागला?

आमच्या पिढीच्या लिखाणाचं फार कौतुक करू नको. रिटायर माणसांची पुस्तकं माझ्याकडे बरीच येतात. बदली, बढती, सत्कार, आणि शेवटी साहेबांबरोबरचा फोटो. एकाने पदरचे पैसे घालून पाचशे प्रती छापल्या, त्या पलंगाखाली आहेत आणि बायको त्यावर गोधड्या ठेवते. पुरस्कार देतो म्हणून आधी नोंदणीचे पैसे मागणारेही भेटतात. तसलं पत्र आलं तर सरळ फाडून टाक. आमच्या लिखाणात एकच मोठी खोड आहे. आम्हाला शहाणं दिसायचं असतं. संपादकाने मला तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्यातला शहाणा माणूस गप्प झाला, म्हणून काहीतरी लिहून झालं.

सगळंच लिहावं असंही नाही. एका ड्रायव्हरबरोबर मी अकरा वर्षं गाडी केली. कुंभार्ली घाटातल्या एका रात्रीचं मला जे माहीत आहे ते त्याच्या पोरांना माहीत नाही. तो गेला, पोरं इथंच आहेत, रस्त्यात भेटतात, काका म्हणतात. ते पान कोरं ठेवलंय. पुढेमागे लिहीनही. ठरत नाही.

शेवटी तुझ्या कामाचं. तुझे आजोबा माझ्या गाडीचे नेहमीचे प्रवासी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हेळवाकहून कराड, मोजून सुटे पैसे, ड्रायव्हरच्या मागची सीट, मांडीवर खाकी पिशवी. पिशवीत काय आहे ते त्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं नाही. मग एकदा मल्हारपेठेजवळ गाडी पंक्चर झाली, आम्ही दोघं रस्त्याकडेला बाभळीखाली बसलो, आणि त्यांनी ती उघडून दाखवली. तुझ्या बापालाही हे ठाऊक असेल असं वाटत नाही.

पत्रात लिहीत नाही. तू ये. दोन ते चार मी झोपलेला असतो, त्यानंतर कधीही. येताना वही तुझी तू आण, नातवाच्या वह्या संपल्या.

तुझा,
काका