अप्रोप्रिएशन: विनियोजन, अपहार की लाटणं?

बजेटच्या बातमीत अप्रोप्रिएशनला विनियोजन म्हणतात आणि कल्चरल अप्रोप्रिएशनवरच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या संस्कृतीतली गोष्ट श्रेय न देता आपली म्हणून वापरण्यावरच्या लेखात मात्र कुणी चोरी लिहितं कुणी अपहरण, मग नेमका मराठी शब्द कुठला, असा प्रश्न आलाय. माझ्या मते एकच शब्द सगळीकडे चालवायचा हट्ट सोडावा.

लॅटिनमधे प्रोप्रिउस म्हणजे स्वतःचं, खास त्याचं. प्रॉपर आणि प्रॉपर्टी त्यातूनच आले. त्याला 'कडे' अशा अर्थाचा अद् लागून झालं अप्रोप्रिआरे, म्हणजे आपलंसं करणं. आता एखादी गोष्ट कुणाचीतरी खास करायची तर ती ठराविक कामासाठी राखून ठेवता येते किंवा सरळ स्वतःच्या खिशात घालता येते, आणि शब्दाचे अर्थ इथेच फुटले.

राखून ठेवणं म्हणजे विनियोजन. राज्यघटनेच्या कलम ११४ प्रमाणे एकत्रित निधीतून पैसे काढायचे तर संसदेत विनियोजन विधेयक मंजूर व्हावं लागतं, अमुक रक्कम अमुक खात्याला, असं. त्याचाच सख्खा शब्द विनियोग तर आपल्याला संध्येतूनच माहीत आहे, ऋषी, देवता, छंद सांगून झाले की शेवटी 'प्राणायामे विनियोगः', म्हणजे हा मंत्र कशासाठी वापरायचा ते. फार नेमका शब्द आहे हा, आणि त्यात वाईट छटा अजिबात नाही.

पैसे खाल्ले तर इंग्रजीत मिसअप्रोप्रिएशन, मराठीत अपहार किंवा अफरातफर, तिथे काही अडत नाही.

अडतं ते कल्चरलपाशी. २०२५ मधे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमधे कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि सुरुवातीला नुसतं लेदर सँडल म्हटलं, कोल्हापूरचं नाव नाही की कारागिरांचं नाही, आणि कोल्हापुरीला तर २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. नंतर टीका झाल्यावर कंपनीने मूळ मान्य केलं. याला चोरी म्हणणं मला पटत नाही कारण चपला तर कारागिरांकडेच राहिल्या ना, गेलं ते श्रेय. आणि श्रेयासाठी आपल्याकडे रोजच्या बोलण्यातलं क्रियापद आहे, लाटणं! म्हणून 'कोल्हापुरीची परंपरा लाटली' असं लिहावं, वाचणाऱ्याला लगेच कळतं. अपहरण नको, त्याने माणूस पळवल्यासारखं वाटतं, आणि 'सांस्कृतिक विनियोजन' तर कृपया कुणी लिहू नका, ते सांस्कृतिक खात्याच्या बजेटसारखं वाचलं जाईल.