जुनं ते सोनं? आधी वजन करा, मग बोला

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. माझे सासरे गेल्या वर्षी वारले. माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांचा पितळी डबा सापडला. त्यात चांदीचे 22 रुपये आहेत. पैकी 9 राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचे), ते सासूबाई दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडत आणि आधी घासून लख्ख करत. त्यातल्या चौघांना कडी लावलेली आहे. उरलेले 13 राजाछाप. त्यांत 6 नाणी 1940 ते 1945 मधली आणि एकावर 1938 आहे की 1939 ते नीट कळत नाही. शिवाय हिरव्या पडलेल्या 11 शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि राम-सीतेचं चित्र असलेलं 1818 चं ईस्ट इंडिया कंपनीचं एक नाणं. सराफाने सगळ्या रुपयांना सरसकट एकच भाव सांगितला. माझ्या दिरांनी मोबाइलवर पाहिलं की रामाच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात. ‘नोंदणी’साठी 1,850 रुपये भरा म्हणतात. डब्यात तिघा भावंडांचा वाटा आहे. पुतण्या अमेरिकेत असतो, तो म्हणतो मी घेऊन जातो, तिकडे चांगली किंमत येईल. विकण्याआधी खरी किंमत कशी काढावी?
*– एक वाचक, कोरेगाव*

उत्तर : ताई, आधी ते 1,850 रुपये खिशातच राहू द्या. दिरांना म्हणावं, घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून सांगितलं होतं, की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहाराशी बँकेचा काही संबंध नाही आणि त्यासाठी ती कसलंही शुल्क वा कमिशन घेत नाही. तिचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांना गंडवणं चालू होतं, म्हणून ते काढावं लागलं.

आणि ते रामाचं नाणं? कंपनीने असं नाणं पाडलंच नाही. मराठी माणसाला 1818 म्हटलं की पेशवाई बुडाल्याचं आठवतं, त्यामुळे तारीख पाहून छातीत धस्स होतं हे खरं. पण हे जत्रेत विकायचे बिल्ले आहेत. कंपनीने त्या साली रामदरबार कशाला छापला असता, एवढा तरी विचार करावा. देवघरात ठेवा, मोल शून्य धरा.

आता चांदी. जुना बंदा रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, 11.66 ग्रॅम. आपल्याकडे तोळ्याचं मापच रुपयाचं होतं. हल्ली दुकानात तोळा म्हणजे 10 ग्रॅम धरतात, तो वेगळा. 1939 पर्यंतच्या रुपयात 91.7 टक्के चांदी, म्हणजे 10.69 ग्रॅम शुद्ध. युद्धाच्या काळात सरकारने हात आखडला आणि 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच घातली, 5.83 ग्रॅम. 1947 चा रुपया तर निकेलचा, त्यात चांदीच नाही. आता तुमचा हिशेब मांडू : जुने 16 गुणिले 10.69 म्हणजे 171 ग्रॅम, नंतरचे 6 गुणिले 5.83 म्हणजे 35 ग्रॅम. एकूण 206 ग्रॅम शुद्ध चांदी, झिजलेल्या नाण्यांची थोडी घट सोडून. त्या दिवशीचा चांदीचा भाव वर्तमानपत्रात पाहा आणि गुणा. ही तुमची तळाची रेघ. हिच्याखाली कोणालाही हो म्हणू नका.

सराफाबद्दल मला वाईट बोलायचं नाही, माझे निम्मे मित्र त्याच धंद्यात आहेत. पण 1901 ची राणी आणि 1944 चा राजा यांना जो एकच भाव देतो, तो एक तर साल वाचत नाही, किंवा तुम्ही वाचलेलं नाही हे त्याने ओळखलेलं असतं. त्याला नाणं मोडीत घालायचं असतं, तेव्हा त्याने मोडीचा भाव द्यावा हे रास्तच. मात्र दोन ढीग वेगळे लावायला सांगा आणि काटा तुमच्यासमोर लावून घ्या.

मोडीच्या वर भाव मिळेल असं डब्यात काय आहे? कडी लावलेले चार रुपये नाहीत. कडी जोडायला डाग दिला की नाणं दागिना होतं, संग्राहक हात लावत नाही. उरलेले पाच राणीछापही दर वर्षी घासल्याने दुबळे झालेत. सासूबाईंना दोष नको, लक्ष्मीसमोर काळी नाणी कोण मांडणार! मी कॉलेजात असताना आजीची एक शिवराई चिंच-मिठात रात्रभर बुडवून ठेवली होती. सकाळी तांबं गुलाबी झालं होतं नि ‘श्री राजा शिव’मधला ‘श्री’ पुसला होता. नंतर 38 वर्षं बँकेच्या कॅश काउंटरवर बसलो, त्या गुलाबी तांब्याची आठवण झाली की अजून कान लाल होतात. त्या 11 शिवरायांना म्हणून पाणीसुद्धा लावू नका. त्यांच्या एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपती’ असं असतं. अक्षरं कशी मांडलीत, शिव की सिव, दोन दांड्या आहेत का (त्याला दुदांडी म्हणतात) हे पाहतात. झिजलेल्या शिवराया फार महाग जात नाहीत, कारण त्या फार काळ पाडल्या गेल्या आणि गावोगाव निघतात. तरी वेगळी मांडणी निघाली तर सराफाला ते कळणार नाही, संग्राहकाला कळेल.

राणीछापांवरचं साल आणि शब्दही वाचा. 1876 पर्यंत ‘क्वीन’, 1877 पासून ‘एम्प्रेस’. 1862 ची तारीख सरकारने पुढची बारा वर्षं तशीच ठेवली, आणि मुंबई टाकसाळ वर्ष ओळखायला तारखेच्या खाली-वर ठिपके टाकत असे. भिंग घेऊन ठिपके मोजा. राजाछापांत बोडक्या डोक्याचा राजा म्हणजे सातवा एडवर्ड. पाचव्या जॉर्जचा 1911 चा रुपया असेल तर बाजूला ठेवा : त्याच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून बोंब झाली, नाणी परत घेतली आणि पुढच्या वर्षी हत्ती दुरुस्त केला.

तुमची खरी गोष्ट त्या 1938-39 च्या नाण्यात आहे. सहाव्या जॉर्जचा 1938 चा रुपया सहज मिळतो, 1939 चा फार दुर्मीळ. म्हणूनच 8 चा 9 करणारे कारागीर बाजारात खूप आहेत. नाणं उन्हात तिरकं धरा. शेवटच्या आकड्याच्या आसपासची चांदी बाकीच्या जागेपेक्षा खरवडलेली किंवा जास्त गुळगुळीत दिसते का? 9 ची शेपटी इतर आकड्यांइतकीच उठावदार आहे का? झिजून 8 चा खालचा गोळा तुटला की 9 चा भास होतो. बहुतेक तसंच असेल, अशी मनाची तयारी ठेवा. पण संशय फिटेपर्यंत हे नाणं सराफाच्या ढिगात जाऊ देऊ नका.

भाव पाहायचा तर नाण्यांच्या लिलावांच्या निकालाच्या याद्या पाहा, आणि त्यांत मागितलेली किंमत नव्हे, नाणं ज्या किमतीला गेलं ती. कोणीही कितीही मागू शकतो. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे एकाच दिवशी तिघांना दाखवा, पहिल्याला देऊन टाकू नका. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तिथे किंमत विचारायची नाही, ओळख शिकायची.

पुतण्याला मात्र स्पष्ट नाही म्हणा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते परदेशी नेणं गुन्हा आहे. विमानतळावर ‘आजोबांची आठवण’ म्हणून चालत नाही.

वाट्याचं असं करा : तिघा भावंडांसमोर साल, वजन आणि दोन्ही बाजूंचे फोटो घालून एका वहीत 34 नाण्यांची यादी लिहा, सह्या घ्या, मग डबा घराबाहेर काढा. त्या 1938-39 च्या नाण्याचा मला फोटो पाठवा. शेजारी आजचा एक रुपया ठेवा म्हणजे आकार कळेल. प्रकाश एका बाजूने पडू द्या, फ्लॅश नको. नाणं पोस्टाने मात्र पाठवू नका.